‘तू कसली कॅथलिक?’ म्हणणारा दादा आणि रविवारचा ब्रेड

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई पंचेचाळिशीच्या, कॅथलिक कुटुंबातल्या. दर शनिवारी रात्री त्या ब्रेडचं पीठ मळतात, रविवारी पहाटे पाचला उठून भाजतात, शिवाय एक केक. मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) झाली की आई, दादा-वहिनी, भाचे सगळे त्यांच्याकडे नाश्त्याला. वडील गेल्यापासून हे चालू आहे. मागच्या निवडणुकीपासून मात्र त्या टेबलावर राजकारण घुसलं. दादा एका पक्षाचे कट्टर, ताईंची कॉलेजातली मुलगी बरोब्बर उलट्या टोकाची, ताई मनातून मुलीच्या बाजूच्या पण बोलत नाहीत. काही आठवड्यांपूर्वी दादा मुलीला सगळ्यांसमोर म्हणाले, “असल्या लोकांना मत देतेस, तू कसली कॅथलिक? पाप आहे हे.” मुलगी उठून खोलीत गेली ती आता रविवारी बाहेरच येत नाही. दादांनी निघताना नेहमीसारखं विचारलं, “माझा अर्धा लोफ बांधलास ना?” ताई तेव्हापासून मिस्सेत लांबच्या बाकावर बसतात, शांतीची खूण (मिस्सेत एकमेकांशी हात मिळवणं) द्यायला लागू नये म्हणून, आणि मनात राग आहे म्हणून कम्युनियनही (मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद) घेत नाहीत. आई म्हणते मी आहे तोवर हे मोडू नकोस, नवरा म्हणतो बंद कर एकदाचं. ताईंचे प्रश्न: नाश्ता बंद करू का, फादरना सांगून दादाला समज द्यायला लावू का, फॅमिली ग्रुप सोडू का. आणि तळाला एक ओळ, “गेले दोन रविवार केकही मधोमध बसतोय, हा काही संकेत तर नाही ना?”

ताई,

केकचं आधी घेते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. संकेत वगैरे काही नाही हो. केक मधे बसतो तेव्हा बहुतेक वेळा तो आतून कच्चा असताना बाहेर काढलेला असतो, किंवा अर्ध्यातच ओव्हन उघडून बघितलेलं असतं, किंवा बेकिंग पावडर जास्त पडलेली असते (मैद्याच्या एका कपाला एक ते सव्वा चहाचा चमचा पुरे, त्याच्यावर गेलात की केक आधी टरारून वर येतो आणि मग खाली). पावडर जुनी असली तर तो मुळात फुगतच नाही, तेही तपासून घ्या, अर्धा चमचा पावडर अर्धा कप गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर चांगली आहे, नुसते चार बुडबुडे आले तर फेकून द्या. १८० डिग्रीला ठेवताय ना? मग पहिला दोन तृतीयांश वेळ दाराला हात लावायचा नाही. पण माझा अंदाज सांगू का, तुम्ही पहाटे पाचपासून उभ्या आहात, मिस्सेची वेळ होत आलीय, डोक्यात दादा चालू आहेत, आणि केक दहा मिनिटं लवकर बाहेर येतोय. देव रागावलाय असं नाही, तुम्ही घाईत आहात.

आता मुद्द्याचं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एक गोष्ट जाणवली, रागावू नका. मुलीला जे बोलले त्याबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात. अर्ध्या लोफबद्दल जवळजवळ अर्धं पान. ‘ज्याच्यासाठी मी पाचला उठते तो माणूस’ असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे कुठेतरी मनात एक न बोललेला करार होता, की मी इतकं करते म्हणून तुम्ही सगळे माझ्या टेबलावर नीट वागाल. हा करार तुम्ही एकटीनेच केला होता ताई. दादांना त्याचा पत्ताच नाही, त्यांना वाटतं बहीण प्रेमाने करते, आणि खरं तर तेही खरंच आहे ना. स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसाचं हे नेहमी होतं, हातातून देत राहायचं आणि मनात हिशेब मांडत राहायचं, मग एक दिवस हिशेब जुळत नाही आणि सगळा राग त्या अर्ध्या लोफवर निघतो.

आणि तो लोफ मागणं, त्याचा दुसराही अर्थ असू शकतो बरं का. कदाचित दादांच्या दृष्टीने काही तुटलंच नाहीये. त्यांच्यासाठी तो एक वाद होता, झाला, संपला, आता माझा ब्रेड दे. आपण किती खोल बोललो हे त्यांना कळलेलंच नसेल. याने ते निर्दोष ठरत नाहीत, पण ‘मुद्दाम जखमेवर मीठ चोळलं’ हा जो तुमचा निष्कर्ष आहे तो जरा बाजूला ठेवा. कॅथलिक शिकवणुकीच्या ग्रंथात, म्हणजे कॅटेकिझममध्ये, २४७८ व्या परिच्छेदात नेमकं हेच सांगितलंय की दुसऱ्याच्या बोलण्याचा शक्य तितका चांगला अर्थ आधी लावून बघावा, आणि नाही लावता आला तर त्यालाच विचारावं की तुला काय म्हणायचं होतं. हे मूळचं संत इग्नेशियस लोयोलांचं. आता तुम्ही दादांना विचारलंत का? पत्रावरून तर नाही वाटत. तुम्ही बाक बदललात.

तर मला दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत, कारण तुमच्या पत्रात (आणि तुमच्या टेबलावर) त्या एकात एक अडकल्यात. एक म्हणजे राजकीय मतभेद. दुसरी म्हणजे ‘तू कसली कॅथलिक’ हे वाक्य. पहिली गोष्ट घरात असणारच, ती सहन करायची असते. दुसरी सहन करायची नसते. तुम्ही आत्तापर्यंत नेमकं उलटं करत आलात, मतभेद टाळायला धडपडलात आणि ते वाक्य गिळलंत.

दादांना वाटतं तसं चर्च म्हणतं का? नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये आधुनिक जगातल्या चर्चबद्दल जो मोठा दस्तऐवज काढला, त्याच्या ४३ व्या परिच्छेदात साफ आहे की एकाच प्रश्नावर तितक्याच प्रामाणिक श्रद्धेची माणसं वेगवेगळ्या मताला येऊ शकतात, असं होतं आणि ते रास्तच आहे, पण अशा वेळी चर्चचा अधिकार आपल्याच बाजूला आहे असं म्हणायची मुभा कुणालाही नाही. १९८३ च्या चर्च कायद्यात, कॅनन (म्हणजे कलम) २२७, तेच पुन्हा नियम म्हणून आलंय, की प्रापंचिकांना, म्हणजे पाद्री नसलेल्या साध्या श्रद्धावंतांना, नागरी व्यवहारात स्वातंत्र्य आहे, फक्त ज्या प्रश्नांवर अनेक मतं असू शकतात तिथे स्वतःचं मत चर्चची शिकवण म्हणून खपवू नये. दादा नेमकं हेच करून बसलेत.

‘पाप आहे’ म्हणाले म्हणून आणखी एक. २००४ मध्ये कार्डिनल राट्झिंगर, जे पुढच्याच वर्षी पोप बेनेडिक्ट झाले, त्यांनी बिशपांना एक टिपण पाठवलं होतं, आणि ते काही ढिले माणूस नव्हते. त्यात गर्भपात आणि इच्छामरणाचा मुद्दा होता. त्यांचं म्हणणं असं की उमेदवाराची ती भूमिका आवडते म्हणूनच त्याला मत दिलं तर ते गंभीर चूक, पण ती भूमिका पटत नसताना दुसऱ्या तितक्याच वजनदार कारणांसाठी मत दिलं तर ते चालू शकतं. म्हणजे मत देणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघावं लागतं, आणि ते टेबलाच्या पलीकडून कसं दिसणार? दादांनी भाचीला एकदा तरी विचारलं का, की बाई तू का दिलंस मत?

थांबा, लगेच खूश होऊन हे सगळं ग्रुपवर टाकू नका. कारण तुम्हीही पत्रात लिहिलंय, ‘दादाचा विश्वास आता देवावर राहिला नाही, पक्षावर आहे.’ हे काय वेगळं झालं? त्यांनी मतावरून मुलीची श्रद्धा मोजली, तुम्ही मतावरून त्यांची मोजलीत. फरक इतकाच की ते मोठ्याने बोलले आणि तुम्ही मला लिहिलंत.

आणि याचा अर्थ ‘सगळं सारखंच, कुणी काहीही मानावं’ असाही नाही. चर्चची काही बाबतीत ठाम शिकवण आहे, जीवनाबद्दल आहे, गरिबांबद्दल आहे, स्थलांतरितांबद्दल आहे, फाशीची शिक्षा स्वीकारार्ह नाही हे तर २०१८ मध्ये कॅटेकिझममध्ये दुरुस्ती करून लिहिलं गेलं. ही सगळी यादी घेऊन बसलात तर दादांचा पक्षही कुठेतरी नापास होईल आणि मुलीचाही, कुठल्याच पक्षाचा जाहीरनामा ही यादी बघून लिहिलेला नसतो. मुलीची काही मतं शिकवणीला धरून नसतील तर तो तिच्या विवेकाचा प्रश्न आहे, तिच्याशी निवांत बोलायचा, चार लोकांत मामाने मारायचा टोमणा नव्हे. येशूने बारा जण निवडले त्यात मत्तय होता, रोमनांच्या मांडलिक राजाच्या मुलखात जकात गोळा करणारा, आणि ज्याला जिलोत (म्हणजे कट्टर, रोमन सत्तेच्या विरोधकांनाही पुढे हेच नाव पडलं) म्हणायचे तो शिमोनही होता. हे दोघं जेवायला बसल्यावर एकमेकांशी काय बोलायचे ते कुणीच लिहून ठेवलं नाही, मला वाचायला फार आवडलं असतं.

आता तुमचे पर्याय. नाश्ता बंद करणं हा पर्याय मी लगेच फेटाळणार नाही, कारण पहाटे पाचला उठणं हे काही तुमच्यावरचं व्रत नाही. पण तो कशासाठी बंद करताय ते स्वतःला विचारा. थकलात म्हणून करत असाल तर खुशाल करा, महिन्यातून एकदावर आणा, आईलाही सांगा की मी दमते, तिला ते ऐकायला आवडणार नाही पण चालेल. दादांना शिक्षा म्हणून करत असाल तर शिक्षा आईला आणि भाच्यांना होईल, आणि दादा म्हणतील बघा, बहिणीनेच घर मोडलं. म्हणजे ज्या गोष्टीवर तुमची बाजू बरोबर आहे तिथे तुम्ही स्वतःहून चुकीच्या ठराल.

फादरना मधे घालू नका, निदान आत्ता तरी नको. पाद्रींनी पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घ्यायचा नाही हे कॅनन २८७ मध्येच आहे, अपवाद सोडले तर, आणि फादरांनी दादांना बोलावून दोन शब्द सुनावले तर दादांच्या दृष्टीने त्याचा एकच अर्थ, फादर त्या पक्षाचे. शिवाय तुम्हाला फादर हवेत ते दादांवर वजन टाकायला. दादा चर्चचं नाव घेऊन मुलीवर वजन टाकतात हीच तर तुमची तक्रार आहे ना?

ग्रुपचं म्हणाल तर म्यूट करा, सोडू नका. ग्रुप सोडला की ते कुणाच्या ना कुणाच्या लक्षात येतंच आणि मग आठवडाभर त्याच्यावरच चर्चा. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या आपल्या परिपत्रकात, ‘फ्रातेल्ली तुत्ती’ मध्ये, सोशल मीडियावरच्या असल्या मतांच्या माऱ्याला समांतर चालणारी एकपात्री भाषणं म्हटलंय, संवाद नव्हे. तिथे उत्तर द्यायचंच नाही, बरोबर असलात तरी नाही.

‘टेबलावर राजकारण बंद’ असा नियम खूप घरांत करतात आणि मला तो फारसा आवडत नाही. एक तर तो मोडतोच, आणि दुसरं म्हणजे तो दादा आणि मुलगी दोघांना एकाच पारड्यात टाकतो, जणू दोघांची चूक सारखी. तुम्ही नियम लहान करा. राजकारणावर बोला, तावातावाने बोला, पण या घरात कुणी कुणाची श्रद्धा काढायची नाही. बस एवढाच. हा पाळायलाही सोपा आहे आणि मोडला की लगेच कळतो.

आणि तो दादांना तुम्ही सांगायचा, एकटीने, समोरासमोर, रविवारी नाही, मधल्या वारी. मेसेजवर नको. मुलीला सोबत नेऊ नका आणि नवऱ्यालाही नाही (ते आधीच तापलेत). काय बोलायचं? साधं. “दादा, मतांवरून मला काही म्हणायचं नाही, तुझी तुला, तिची तिला. पण तू तिला कॅथलिक नाहीस म्हणालास ते मला फार लागलं, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त. तुला तसंच म्हणायचं होतं का?” आणि मग गप्प बसा. कॅनन नंबर काढू नका, १९६५ काढू नका, ते मी तुमच्यासाठी लिहिलंय, तुमचा पाय घट्ट राहावा म्हणून. दादा जर म्हणाले की हो म्हणायचं होतंच, तर सांगा, मग माझ्या घरात ते पुन्हा म्हणायचं नाही, म्हणालास तर त्या दिवशी मी तुला उठायला सांगेन, आणि पुढच्या रविवारी तू पुन्हा ये. आणि वेळ आली तर खरंच उठवा. नुसतं बोलून ठेवाल आणि प्रत्यक्षात पुन्हा गिळाल तर काहीच बदलणार नाही. ते नुसतं “अगं बोलण्याच्या भरात गेलं” म्हणाले तर तेवढ्यावर तुमच्यापुरतं सोडून द्या, मोठ्या भावांच्या माफ्या बहुतेक वेळा एवढ्याच लांबीच्या असतात, पण मुलीला मात्र ते त्यांनीच सांगायला हवं, तुम्ही निरोप्या बनू नका.

मुलीबद्दल तुमच्या पत्रात एक वाक्य सुटून गेलंय. त्या दिवशी मामा बोलले तेव्हा तुम्ही काय केलंत? तुम्ही गप्प होतात. मला वाटतं ती खोलीत बसलीय ती फक्त मामांमुळे नाही. तिच्याकडे जा आणि म्हणा की मी तेव्हा बोलायला हवं होतं. ‘मामाचं वय झालंय, सोड ना’ असं अजिबात म्हणू नका, आणि रविवारी बाहेर ये म्हणून आग्रहही धरू नका, सज्ञान मुलगी आहे, तिला वाटेल तेव्हा येईल.

कम्युनियनचं. याच्यावर मला जरा थांबायचंय, कारण कितीतरी जण राग आला की स्वतःच स्वतःला शिक्षा देऊन बाकावर बसून राहतात. राग येणं हे आपोआप पाप नाही, भावना म्हणून ती चांगलीही नाही वाईटही नाही, कॅटेकिझम १७६७ बघा. कम्युनियनला अडवतं ते गंभीर पाप, आणि त्याला तीन गोष्टी लागतात, बाब गंभीर असणं, ते पूर्ण माहीत असणं, आणि समजून-उमजून केलेलं असणं. भावाचं गंभीर वाईट व्हावं अशी इच्छा तुम्ही ठरवून मनात धरून बसला आहात का? मला नाही वाटत, तुम्ही तर अजून त्यांचा लोफ बांधताय. लहानसहान पापं तर कम्युनियनने धुतली जातात अशीच शिकवण आहे. तरी मनात खुटखुट असेल तर कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, जा, फादरना भेटायचं ते यासाठी, स्वतःसाठी. आणि ‘वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर’ हे बायबलमधलं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं वचन तुम्ही स्वतःविरुद्ध वापरलंय, पण त्यात ‘जा’ म्हटलंय. बाकावर बसून राहा असं कुठे म्हटलंय? म्हणून ते मधल्या वारचं बोलणं आधी उरका. बाक लगेच बदलला नाही तरी चालेल.

आता ब्रेड. पीठ आणि नाती असली काही उपमा मी देणार नाहीये, घाबरू नका, मला फक्त तुमची पहाट वाचवायची आहे. लोफ सोडा, बन करा. शनिवारी संध्याकाळी ५०० ग्रॅम मैदा, ३४० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, आणि इन्स्टंट यीस्ट फक्त २ ग्रॅम. मळा, तासभर बाहेर ठेवा, मग झाकून रात्रभर फ्रिजमध्ये, यीस्ट थंडीत सावकाश काम करतं आणि चव उलट चांगली येते. सकाळी मिस्सेला निघताना भांडं बाहेर काढा. परत येईपर्यंत गारवा जातो. मग त्याचे साधारण ६५ ग्रॅमचे तेरा गोळे होतात, आणि ते वळायला सगळ्यांना बसवा, दादांना धरून. पीठ ताणलं जात नसेल, आक्रसून मागे येत असेल तर वीस मिनिटं तसंच राहू द्या, मग ऐकतं. वळून झाले की पाऊण तास फुगू द्या, २०० डिग्रीला १५ ते १८ मिनिटं. लोफसारखं कापायच्या आधी तासभर गार होऊ द्यायची भानगडही नाही, दहा मिनिटांत खाता येतात.

यात तुम्हाला सातपर्यंत झोप मिळते, केक शनिवारीच भाजून ठेवा म्हणजे तोही घाईत बाहेर काढायला नको (आणि भुकेली माणसं जास्त भांडतात, मधल्या वेळात तोच कापून द्या). आणि एक फायदा असा की दोन्ही हात पिठात असले की फोन धरता येत नाही, ‘हे बघ हे काय आलंय’ म्हणून कुणाच्या नाकासमोर फॉरवर्ड नाचवता येत नाही. वाद होणारच नाही असं नाही, होईल, पण तो निदान त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून होईल.

दादांच्या लोफचं काय करायचं ते तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. मधल्या वारी बोलायला जाल तेव्हा काहीही नेऊ नका, रिकाम्या हाताने जा, नाहीतर बोलणं राहील बाजूला आणि वहिनी ब्रेडचं कौतुक करत बसतील. पुढे घरी न्यायला बन हवे असतील तर ज्याने जितके वळले तितके त्याने न्यावेत.